अंगावर उठलं, पण कशानं?

मैत्रिणींनो, कातडीच्या तक्रारींसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. खाज सुटते, आग होते, चरचरतं, चुणचुणतं, झोंबतं. पुरळ येते, गांधी उठतात, चट्टा पडतो, फोड येतात, भेगा पडतात. इसब वेगळं, नायटा वेगळा, खरूज वेगळी. मी आठवड्यातून काही तास शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांचा नाद मला आहेच. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. अंगावर काय उठलं हे सांगायला आपल्याजवळ पंधरा-वीस शब्द, आणि ते कशानं उठलं हे सांगायला मात्र एकच: ॲलर्जी!

भांडी घासणाऱ्या बाई हात दाखवून म्हणतात, "बाई, मले साबनाची अलर्जी झाली." शेजारच्या वहिनी म्हणतात, "मला बाई मिरच्या कुटायची ॲलर्जी आहे, रात्रभर हात जळतात." आणि शेतात फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळायला लागलं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "औषधाची ॲलर्जी झाली असेल, जरा पडून राहा." या तिन्ही वाक्यांतली गोष्ट बहुतेक वेळा ॲलर्जी नसतेच. पहिल्या दोन वाक्यांनी फारसं बिघडत नाही. तिसऱ्यानं माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून आज पाककृती नाही, विणकाम नाही. आज थोडे डॉक्टरांचे शब्द समजून घेऊ.

कातडीला लागून त्रास देणाऱ्या पदार्थांचे डॉक्टर पहिल्यांदा दोन ढीग करतात. एक 'इरिटंट', म्हणजे दाहक पदार्थ. दुसरा 'ॲलर्जन', म्हणजे ज्याचं आपल्याला वावडं असतं तो पदार्थ. वावडं हा आपला किती नेमका शब्द आहे! दोन्हींमुळे होणाऱ्या त्रासाला 'कॉन्टॅक्ट डर्माटायटिस' असंच म्हणतात, पण कागदावर लिहिताना एकाला आय.सी.डी. आणि दुसऱ्याला ए.सी.डी. लिहितात. पुढच्या वेळी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलात तर कागदावर यातलं पहिलं अक्षर तेवढं बघून या.

दाहक पदार्थाला माणसामाणसांत भेद माहीत नाही. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, फिनाईल, ब्लीचिंग पावडर, ओला चुना, सिमेंट यांच्यात कुणीही पुरेसा वेळ हात घातला तर हात खराब होणारच. कातडीवर तेलकट थर असतो, तो साबण धुऊन नेतो. रोज पाच-सहा वेळा नेला तर कातडीला तो परत तयार करायला सवडच मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली लालसर होतं, कारण साबण तिथे अडकून राहतो. इथे सारा हिशेब किती आणि किती वेळ याचाच. पावडर निम्मी करा, हात चांगल्या पाण्यानं निपटा, अंगठी काढून पुसा आणि ओलसर हातांनाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. रबरी हातमोजे घालायचे तर आत सुती मोजे घाला, नाहीतर घामानंच हात चिघळतात. भांडीवाल्या बाईंसाठीही एक जोड आणून ठेवा. त्यांच्या हातांवर चार घरांचा साबण जातो.

संडासात टाकायचं ॲसिड याच कुळातलं, पण तो थोरला भाऊ. ते क्षणात जाळतं. अंगावर उडालं तर कपडा लगेच बाजूला करून वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. त्यावर सोडा किंवा चुना टाकू नका, आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू छातीत जातो.

मिरचीची गोष्ट आणखी गमतीची आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ कातडीतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना जागं करतो. हात जळालेला नसतो, पण मेंदूला निरोप जातो की हात जळतोय! ही किल्ली नेमकी कुठल्या कुलपात बसते ते डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९७ साली दाखवलं आणि २०२१ साली त्याला त्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही. म्हणून आधी हाताला तेल चोळा, पुसून टाका आणि मग साबणानं धुवा. धोप्याची पानं चिरताना हात खाजतात, त्याचं कारण वेगळंच आहे. त्या पानांत डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकाच्या सुया असतात, त्या टोचतात. खाजकुयलीच्या शेंगेवरची लवही तशीच टोचते, शिवाय आत खाज आणणारा रसही सोडते. या सगळ्याला ॲलर्जी म्हणायचं म्हणजे काटा रुतला तरी काट्याची ॲलर्जी आहे म्हणण्यासारखं झालं.

आता वावड्याकडे येऊ. 'ॲलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्केट या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं १९०६ साली तयार केला. दोन ग्रीक शब्द जोडून केलेला, अर्थ साधारण 'वेगळीच प्रतिक्रिया' असा. वेगळी का? कारण तोच पदार्थ दहाजणींना काही करत नाही आणि अकरावीला करतो. आणि त्याला आठवण असते. पहिल्या वेळी काहीच होत नाही, शरीर नुसती ओळख करून घेतं. ही ओळख दोन आठवड्यांत होईल, नाहीतर वीस वर्षांनी. एकदा झाली की साधारण जन्मभर राहते. त्यानंतर तो पदार्थ चिमूटभर लागला तरी एक-दोन दिवसांनी त्या जागी खाज, लाली, बारीक पाणीदार फोड.

बायका डॉक्टरांना हमखास सांगतात, "इतकी वर्षं तेच वापरतेय हो, त्यानं कसं होईल?" त्यानंच होतं! जे कधी अंगाला लागलंच नाही, त्याचं वावडं शरीर शिकणार कुठून? आणि काल लावलेल्या गोष्टीनं आज काही झालं नाही म्हणून तिला निर्दोष सोडू नका. परवाची आठवण करा.

आपल्या घरात असे वावड्याचे पदार्थ कोणते? खोट्या दागिन्यांतलं निकेल हा पहिला. कानाच्या पाळीला, गळ्यामागे आकडा टेकतो तिथे आणि बेंबीजवळ बटण टेकतं तिथे खाज आली, तर निकेलवर संशय घ्यावा. केसांच्या कलपातला पी.पी.डी. हा दुसरा. लग्नाच्या घाईत हातावर काळीकुट्ट रंगणारी 'काळी मेंदी' लावतात, तिच्यातही तोच असतो. झाडाची मेंदी काळी रंगत नाही, तांबूस केशरीच रंगते. तासाभरात काळी झाली की समजा, वरून काही घातलंय. कलपाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, की आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा. ते कुणी करत नाही. करावं, आणि दर वेळी करावं.

तिसरा पदार्थ आपल्या यवतमाळच्या जंगलातला, बिब्बा. चांगल्या चाललेल्या कामात कुणी खो घातला की आपण म्हणतो, 'यानं बिब्बा घातला.' ही म्हण ज्यानं केली त्याच्या अंगाला बिब्ब्याचं तेल नक्की लागलेलं असणार! कच्च्या फळाचा काळा रस मुळातच जहाल. तो लागल्या जागी फोड आणतो. पण त्याखेरीज तो वावडंही निर्माण करतो, म्हणजे दोन्ही ढिगांत बसणारा हा गडी. कपड्यावर त्याचा डाग पडला की जात नाही, म्हणून परीट मंडळी पूर्वी चुन्याबरोबर त्याची शाई करून कपड्यांवर खूण घालत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर विचित्र चट्टे उठायला लागले. डॉक्टर चक्रावले. शेवटी लक्षात आलं, की चट्टा बरोबर तिथेच येतो जिथे कॉलरच्या आत परटाची खूण टेकते. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात हा त्रास 'धोबी मार्क'च्या नावानं छापून आला. धुतलेल्या, वाळलेल्या, इस्त्री केलेल्या कापडावरची एक रेघ, पण वावडं असलेल्याला तेवढी पुरली.

बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. म्हणून ज्यांना बिब्बा उततो, त्यांनी कैरीच्या देठाचा चीक ओठांना लागू देऊ नये आणि ओल्या काजूची टरफलं फोडायच्या नादी लागू नये. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतो, ती बिब्ब्याच्या आतली बी. ती नीट सोललेली, टरफलाचा काळा अंश न राहिलेली असेल तरच घ्या. आणि पायात काटा गेला, टाच दुखली की बिब्ब्याचा चटका देणाऱ्या आज्या अजून आहेत. आजीचा मान ठेवा, पण लहान मुलाच्या अंगाला बिब्बा लावू देऊ नका.

चौथं गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा. ते रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, शाळेच्या कुंपणाशी, कुठे नाही? पन्नासच्या दशकात पुण्याजवळ ते नजरेत आलं. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर १९७४ साली सविस्तर लिहिलं. त्यातल्या पार्थेनिन या पदार्थाचं वावडं एकदा जडलं की गवताला हातही लावावा लागत नाही. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर येतो आणि पापण्या, मान, कोपराची लवण तेवढी खाजून जाड होते. याला 'एअरबोर्न' म्हणतात, म्हणजे हवेतून आलेलं. आणि एक ध्यानात ठेवा, की शेवंती याच गवताच्या नात्यातली आहे. घरातल्या कुणाला गाजर गवताचा त्रास असेल तर देवाच्या फुलांच्या परडीत शेवंतीऐवजी जास्वंद, मोगरा चालेल.

टिकलीबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं. टिकलीच्या डिंकानं खाज येते, तिला आपण ओळखतो. पण कधीकधी खाज येतही नाही आणि टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. काही टिकल्यांच्या गोंदात पी.टी.बी.पी. नावाचं रसायन असतं; ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे १९९० साली नोंदवलं. अशा पदार्थाला 'डीपिगमेंटिंग', म्हणजे रंग घालवणारा, म्हणतात. हा शब्द माहीत नसल्यामुळे काय होतं? मुलीचं लग्न ठरायचं असतं, कपाळावर पांढरं दिसतं आणि कुजबूज सुरू होते, की 'हिच्या घरात कोड आहे'. मग आई डाग लपवायला आणखी मोठी टिकली लावायला सांगते, आणि ज्यानं डाग पडला तेच रसायन जास्त जागेवर चिकटतं! डाग दिसला त्याच दिवशी चिकटणारी टिकली बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लवकर थांबवलं तर रंग भरून येण्याची आशा असते, उशीर झाला तर काही वेळा राहतो. कोडही शिवल्यानं पसरत नाही, हे आपल्याला माहीत असूनही पुन्हा सांगावं लागतं.

हे सगळं ओळखायचं कसं? त्यासाठी 'पॅच टेस्ट' असते. योझेफ याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरानं ती १८९५ साली मांडली, आणि अजून तीच चालते. संशयित पदार्थांचे ठिपके असलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठीला पाणी नाही, घाम येईल असं काम नाही. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात ती करायला जाऊ नका, दिवाळीनंतरची थंडी बरी. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली पांढरी ट्यूब मात्र चोळत बसू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस छान वाटतं, पण चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि तो नायटा असेल तर दुप्पट पसरतो.

आता ते तिसरं वाक्य. 'औषधाची ॲलर्जी झाली असेल.' आपण विषाला औषध म्हणतो, ही सुरुवातीचीच गफलत. 'फवाऱ्याचं औषध आणलं', 'औषध मारलं'. गावात राहणाऱ्यांनाच नव्हे, शहरात राहून शेती बघणाऱ्या आपल्या घरांनाही हेच बोलायची सवय. २०१७ च्या पावसाळ्यात या आपल्याच जिल्ह्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. प्यायलं नव्हतं त्यांनी काही. श्वासावाटे आणि कातडीवाटे विष आत गेलं होतं.

वर सांगितलेले सगळे पदार्थ कातडीवर काहीतरी उठवून आपल्याला सावध करतात. फवारणीच्या अनेक विषांचं तसं नाही. कातडीवर साधी लालीही दिसत नाही आणि विष आत उतरलेलं असतं. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या अभ्यासात दिसलं, की कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या कातडीवर लावलेल्या विषापैकी साधारण नऊ टक्के आत गेलं, कपाळावरून छत्तीस टक्के, काखेतून चौसष्ट टक्के आणि पुरुषांच्या जांघेतल्या नाजूक कातडीतून जवळजवळ सगळंच. म्हणजे हातमोजे घातले आणि पँट ओली झाली, तर खरा दरवाजा उघडाच राहिला. पाठीवरचा पंप गळतो तो नेमका कमरेवर, आणि घाम त्याला मदतच करतो.

डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ कुणी घेऊ नये, तोही विषाच्याच डब्यावरचा रंग आहे. त्याच चिठ्ठीवर उतारा कोणता ते डॉक्टरांसाठी छापलेलं असतं.

फवारणीच्या दिवशी घरातल्या माणसाला खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, पोटात कळा, डोळ्यांनी अंधूक दिसणं, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होणं, हातापायाचे स्नायू फडफडणं, यातलं काही दिसलं तर पडून राहू देऊ नका. आधी स्वतःच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, मग त्याचे सगळे कपडे उतरवा, डोक्यापासून साबण-पाण्यानं धुवा आणि १०८ ला फोन करा. ओकारी काढायला लावू नका. लिंबू-सरबत, दूध, काही पाजू नका. डबा किंवा त्याची चिठ्ठी पिशवीत घालून बरोबर न्या. आणि दवाखान्यात 'ॲलर्जी' हा शब्द उच्चारूच नका. 'फवारणीतून विषबाधा' एवढं म्हणा. कारण ॲलर्जीला देतात ती गोळी इथे कामाची नाही. या विषांतल्या एका मोठ्या गटावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, आणि तेही वेळेत.

ते कपडे धुणाऱ्या बहुतेक आपणच. ते घरच्या धुण्यात मिसळू नका, उचलतानाही हातमोजे घाला. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाण्यात पावडर घालून दोनदा धुवा आणि उन्हात वेगळ्या दोरीवर वाळवा. निथळणारं पाणी आडात किंवा हौदाजवळ सांडू नका. दाट विष सांडून कपडा भिजलाच असेल तर तो धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका. टाकून द्या, शर्ट नवा येतो. आणि या धुण्याची बादली वेगळी ठेवा. तिच्यावर तेलरंगाचा लाल पट्टा ओढून ठेवला, की सकाळच्या घाईत पोरांचे गणवेश तिच्यात भिजत पडत नाहीत.